वजनाच्या ऑपरेशननंतरचा थकवा: सलाईन लावण्याआधी हे वाचा

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला बावीस दिवस झाले होते. सकाळी कुकरचं झाकण लावायला गेले आणि हाताला जोरच येईना. ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. सासूबाईंनी पाहिलं, कुकर हातातून काढून घेतला आणि दिरांना हाक मारली. अर्ध्या तासात मी आमच्या वडगावातल्याच एका दवाखान्यात आडवी होते आणि हाताला सलाईन लागलं होतं. "अशक्तपणा आहे, एक बाटली जाऊ दे, बरं वाटेल." खरंच दोन तास बरं वाटलं. संध्याकाळी परत तेच.

त्याआधीचे पाच दिवस माझ्या पोटात काही टिकत नव्हतं. दवाखान्यात ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "इतक्या उलट्या होत असताना ग्लुकोजची बाटली? आधी थायमिन दिलं होतं का?" मला तो शब्दही ठाऊक नव्हता.

थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणं तुटपुंजं, त्यात रोजच्या उलट्या, म्हणजे तो संपायला वेळ लागत नाही. ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागतं. साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज शिरेतून गेलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मी वाचले. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून मोठ्या शहरात जाऊन हे ऑपरेशन करून येणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असायला हवं. कारण घरी आल्यावर सर्जन लांब असतो, जवळ असतात ते नातेवाईक आणि कोपऱ्यावरचा दवाखाना, आणि थकव्यावर दोघांचंही उत्तर एकच: बाटली.

मला मनापासून सांगायचंय ते हे, की थकवा एकच नसतो. तो कितव्या आठवड्यात आला, दिवसाच्या कुठल्या वेळी आला, यावरून त्याचं कारण बहुतेक वेळा कळतं आणि उपायही त्यावरच ठरतो. माझं बायपास झालं, निपाणीच्या वहिनींचं स्लीव्ह. दोन्ही जठरावरचीच ऑपरेशनं, फरक पुढे सांगते. दोघींना मिळून जे कळलं आणि डॉक्टरांनी जे पुन्हा पुन्हा सांगितलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक वही करा

शंभर पानी साधी वही पुरे. रोज चार गोष्टी लिहायच्या: किती पाणी प्यायले, किती प्रथिनं पोटात गेली, कुठल्या गोळ्या किती वाजता घेतल्या, आणि थकवा कधी आला. शेवटची नोंद सगळ्यात कामाची. "दिवसभर गळाल्यासारखं वाटतं" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. "जेवल्यावर वीस मिनिटांनी घाम येतो आणि छाती धडधडते" एवढं सांगितलं की त्यांना निम्मं निदान हाती लागतं.

आपलं कुठलं ऑपरेशन झालंय तेही पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्त, काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात, त्यामुळे आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाला भेटतच नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषलं जातं. म्हणून बायपासवाल्यांनी गोळ्यांच्या बाबतीत जास्त काटेकोर राहायला हवं. स्लीव्हवाल्यांनाही गोळ्या सुटत नाहीत.

पहिले दोन आठवडे: हा थकवा बहुतेक पाण्याचा असतो

या दिवसांत अंगात ताकद नसणं साहजिक आहे. भूल, जखम आणि अचानक कमी झालेलं खाणं, तिन्हींचा भार एकदमच पडतो. पण उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, कोरडी जीभ, गडद पिवळी लघवी आणि डोकेदुखी असेल तर आधी पाण्याचा हिशेब बघा. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवं, आणि एका वेळी जातात ते घोट-दोन घोट.

मी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं १५ मिलीचं माप वापरलं. दर पाच मिनिटांनी एक माप. घड्याळ समोर. कंटाळवाणं आहे, पण तासाला १८० मिली होतं आणि जागेपणीच्या दहा तासांत १,८०० मिली. ही आकडेमोड मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली होती. घोट घाईने घेतला तर छातीत कळ येते, म्हणून माप ओठाला लावून सावकाश घ्यायचं. पावसाळ्यात खानापूरकडे तहान लागतच नाही, तिथे तहानेवर विसंबू नका. उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडे असाल तर माप दोन-तीन तास जास्त चालू ठेवा.

काय प्यावं? पहिले एक-दोन दिवस पाणी, पातळ गाळलेलं सूप, बिनसाखरेचं लिंबूपाणी. त्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत पातळ ताक, सायीशिवायचं दूध, गाळलेलं वरणाचं पाणी, हुलग्याचं गाळलेलं कढण. नाचणीची आंबील चालते, पण गाळून आणि पातळ. संकेश्वरी मिरचीची फोडणी, मग ती कितीही थोडी असो, सध्या नको.

अळण्याबद्दल, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्याबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण आमच्याकडे आजारी माणसाला ताकद म्हणून मटणाचं अळणीच देतात. सासूबाई रोज वाटीभर करायच्या, मायेने. अळणी वाईट नाही. त्यातून पाणी मिळतं, मीठ मिळतं, घशाला बरं वाटतं. पण त्यात प्रथिनं फार थोडी असतात, ती राहतात मटणाच्या फोडीत. अळणी प्यायल्यामुळे आज प्रथिनांचा कोटा भरला, असं धरू नका.

ग्लुकोजची पावडर, उसाचा रस, गुळाचं पाणी या काळात पूर्ण बंद. का ते पुढे येईल.

याच दिवसांत एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते: जुन्या गोळ्या. रक्तदाब आणि साखर ऑपरेशननंतर झपाट्याने उतरतात, कित्येकांची तर वजन फारसं घटण्याआधीच. गोळी किंवा इन्सुलिन मात्र जुन्याच मापाने चालू राहिलं तर अंग गळतं, थरथर होते, चक्कर येते. घरी बीपीचं यंत्र आणि साखरेच्या पट्ट्या ठेवा, रोज आकडे लिहा आणि ते फोनवर डॉक्टरांना कळवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण आकडे न कळवता चालूही ठेवायची नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत: प्रथिनांचा थकवा

आता पाणी जमलेलं असतं, तरी जिना चढताना मांड्या भरून येतात, भांडी घासताना दंड दुखतात. वजन तर झपाझप उतरत असतं. हे उतरणं फक्त चरबीचं राहावं, स्नायूंचं होऊ नये, यासाठी बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचा नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं मिक्सरमधून काढलेलं: घट्ट वरण, मऊ पनीर, दह्यात घोटलेलं अंडं, मुगाचं पिठलं. पाचव्या आठवड्यापासून मऊ, कुस्करून खाता येईल असं. दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण. प्रत्येक हॉस्पिटलचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुम्हाला दिलेला कागदच खरा माना.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी माझा एक दिवस असा जायचा. सकाळी सातला एक पूर्ण अंडं आणि एकाचा पांढरा भाग: १० ग्रॅम. दहाला १५० मिली दूध आणि त्यात २० ग्रॅम बिनसायीची दूध पावडर: १२ ग्रॅम. एकला अर्धी वाटी घट्ट वरण आणि ५० ग्रॅम पनीर: १३. चारला प्रथिनांच्या पावडरीचा एक डोस पाण्यात: २०. रात्री आठच्या आत काटे काढलेला उकडलेला मासा किंवा मऊ शिजलेलं चिकन, ६० ग्रॅमच्या आसपास: १४. एकूण ६९. यात भाकरी नाही, भात नाही, आणि ते मुद्दाम. ताटातली प्रथिनं आधी संपवायची, मग भाजी, आणि जागा उरली तरच भाकरीचा पापुद्रा दुधात किंवा आमटीत भिजवून.

शाकाहारी घरांत हा आकडा गाठणं अवघड जातं, हे मी शेजारच्या काकूंच्या सुनेचं पाहिलं आहे. तिला सोयाबीनच्या वड्यांनी हात दिला. १५ ग्रॅम कोरड्या वड्यांत साधारण ८ ग्रॅम प्रथिनं येतात. उकळून, पिळून, मिक्सरमधून काढून त्या वरणात मिसळल्या की घरच्यांना पत्ताही लागत नाही. फुटाण्याचं पीठ ताकात कालवूनही चालतं.

खाण्याची पद्धत खाण्याइतकीच महत्त्वाची आहे. घास करंगळीच्या नखाएवढा, पंचवीस-तीस वेळा चावायचा, वाटीभर जेवायला वीस मिनिटं. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. छातीच्या खाली पहिला दाब जाणवला, उचकी आली किंवा नाक वाहायला लागलं, की थांबायचं, ताटात घास उरला असला तरी. "पानात टाकू नये" हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, म्हणून हे जड जातं. मी पान वाढून घेणंच सोडलं, छोट्या वाटीत घ्यायला लागले.

गरम भात, मऊ चपाती आणि पाव अडकतात, कारण त्यांचा गोळा होतो. अडकलं की तोंडात फेसाळ लाळ येते आणि छाती भरल्यासारखी होते. अशा वेळी वरून पाणी पिऊ नका. उठा, घरातल्या घरात चाला, बहुतेक वेळा ते सुटतं.

चालणं पहिल्या दिवसापासून, पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा. पण पाण्याची घागर, गॅसचा सिलिंडर, चारपाच किलोंच्या वरचं काहीही सर्जनच्या परवानगीशिवाय उचलू नका, साधारण चार ते सहा आठवडे. शेतावर अंगमेहनत करणाऱ्यांनी कामावर परतण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी, म्हणजे सुगीच्या घाईत घरातून आग्रह होत नाही. दोन महिन्यांनंतर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं सुरू करा. स्नायूंना काम मिळालं नाही तर खाल्लेल्या प्रथिनांचा पुरता उपयोग होत नाही.

जेवल्यावर येणारी गळाठी

हा थकवा सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि याच्यावर ताबा मिळवणं सगळ्यात सोपं आहे. गोड किंवा फार तेलकट खाल्लं की दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, घाम, धडधड, मग जुलाब आणि झोपावंसं वाटणं. याला डॉक्टर डम्पिंग म्हणतात: साखरेचा गोळा एकदम आतड्यात जातो आणि शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, स्लीव्हमध्येही होऊ शकतं.

दुसरा प्रकार उशिराचा, जेवणानंतर एक ते तीन तासांनी. साखर झर्रकन वर जाते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली कोसळते. हात थरथरतात, भूक खवळते, डोकं चालेनासं होतं. नेमकं तेव्हा घरचे ग्लुकोजचा ग्लास पुढे करतात. तो रिकामा केला की थोडा वेळ बरं वाटतं आणि पुन्हा तेच चक्र. साखर मोजा. खरोखर ७० च्या खाली असेल तर थोडी, दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी अंडं, पनीर किंवा दूध असं प्रथिनांचं काहीतरी खा. वारंवार होत असेल तर वहीसकट डॉक्टरांकडे जा.

मला हे पहिल्यांदा झालं ते कुंद्याने, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईने. मुलीचा निकाल लागला होता, मी फक्त दोन चमचे खाल्ले आणि बैठकीतच घामाने भिजले. तेव्हापासून कुंदा, मांडे, करदंट माझ्यापुरते बंद. बंद करावे लागले याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही. आमच्या घरात आनंद म्हणजे कुंद्याचा डबा.

तीन महिन्यांनंतर, आणि वर्षानंतरही: गोळ्यांचा थकवा

वजन उतरलेलं असतं, लोक कौतुक करतात आणि गोळ्यांचा डबा मागे सरकतो. मग हळूहळू दम लागणं, केस गळणं, पायाला मुंग्या, चिडचिड. केस तीन ते सहा महिन्यांच्या सुमाराला बहुतेकांचे गळतात आणि प्रथिनं, लोह नीट असेल तर परत येतात. बाकीच्या खुणा मात्र दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत.

लोह: पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना साधारणपणे दिवसाला ४५ ते ६० मिलीग्रॅम सुचवतात. गोळी लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या. चहा तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही. दिवसात पाच कप पिणाऱ्या आपल्या भागात लोहाच्या गोळीचा खरा वैरी चहाच आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी मागून घ्या.

कॅल्शियम: एकूण १,२०० ते १,५०० मिलीग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० च. सायट्रेट प्रकारचं चांगलं शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर. थायरॉईडची गोळी असेल तर ती पहाटे उपाशीपोटी, आणि या दोन्हींपासून चार तास लांब. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं: पाचला थायरॉईड, साडेनऊला कॅल्शियम, दुपारी दोनला लोह, रात्री नऊला पुन्हा कॅल्शियम.

बी-१२ तोंडाने रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. याची उणीव वर्ष-दोन वर्षांनीही उगवते, शाकाहारी माणसाला त्याआधीही. सोबत डी-३ आणि थायमिन असलेली मल्टिव्हिटॅमिन. हे सगळं जन्मभराचं आहे. रक्त तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दर वर्षी तपासायचं. या तपासण्या बेळगावातही होतात, दरवेळी मोठ्या शहरात जायची गरज नाही. रिपोर्टचा फोटो सर्जनना पाठवला तर चालतो का, ते आधी विचारून ठेवा.

दुखण्याची साधी वाटणारी गोळी मेडिकलमधून विचारून घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासच्या जोडावर, व्रण पडतो, त्यातून थोडं थोडं रक्त जातं आणि तोही थकवा म्हणूनच समोर येतो. तंबाखूचंही तसंच. निपाणीकडच्या बायकांनी मिश्रीसुद्धा यातच धरावी. वहिनींनी ती सोडली, चार महिने लागले.

लवकर दिवस राहू देऊ नका: पहिले १२ ते १८ महिने नाही. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. घोरण्याचा आजार असून रात्री मशीन लावत असाल तर वजन उतरलं म्हणून आपण होऊन बंद करू नका, झोप अपुरी राहून दिवस थकव्यात जातो. आणि सगळे आकडे नीट असूनही सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. ज्या खाण्याने इतकी वर्षं दुःख झाकलं होतं, ते अचानक गेलेलं असतं.

पंगत आणि उपवास

पहिलं वर्ष संकष्टी, एकादशी, श्रावण सोमवार करू नका. चंद्रोदयापर्यंत काही न खाता, पाणीही मोजकंच घेऊन राहणं या पोटाला झेपत नाही, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मी देवापुढे दिवा लावते आणि दूध घेते. सासूबाईंनी स्वतः सांगितलं, "तुझी संकष्टी मी करते."

लग्नाला जाताना घरून अंडं किंवा पनीर खाऊन निघते. आग्रह करणाऱ्याला "पोटाचं ऑपरेशन झालंय, मावशी, आत्ता ताकच द्या" एवढं सांगते. ताकाला कुणी नाही म्हणत नाही.

ताबडतोब जायचं ते कधी

पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती कळ, दम: हे थकव्यात मोजू नका, पोटातला ऑपरेशनचा जोड गळत असू शकतो. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा काळी शौच: तरीही ताबडतोब जायचं. आणि उलट्या दोन-तीन दिवसांहून जास्त चालल्या, त्यात एकाची दोन दिसायला लागली, तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ आला, तर रात्र काढू नका. थायमिनचं इंजेक्शन त्याच वेळी लागतं.

सलाईन मुळात वाईट नाही. उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर ते लागतंच. फक्त आधी थायमिन, मग ग्लुकोज. ड्युटीवरच्या नर्सना मराठी येत असेलच असं नाही, आणि आपल्याला चक्कर आलेली असताना कन्नड आठवत नाही. थकव्याला "सुस्तु", चक्करला "तलेसुत्तु" हे शब्द घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. उलटी दोन्हीकडे "वांती"च.

माझ्या पर्समध्ये, दिरांच्या पाकिटात आणि शाळेतल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली एकच कार्ड आहे. वर माझं नाव, रक्तगट, ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, सर्जनचा नंबर. खाली इंग्रजीत एक ओळ, आणि मग या दोन:

"वजनाचं बायपास ऑपरेशन झालं आहे. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या."

"ग्लूकोसगिंत मोदलु थायमिन कोडि."